न बोलावता सुरू होणारे

१४ जून २०१६. त्या दिवशी मंगळवार होता, हे कोणत्याही जुन्या दिनदर्शिकेत पडताळून पाहता येते. कार्डवहिनींच्या दोनशेपानी वहीतली पहिली नोंद त्याच तारखेची आहे: 'संगणक सुरू व्हायला नऊ मिनिटे चाळीस सेकंद.'

कार्डवहिनी हे नाव त्यांना वाचनालयात पडले. तिथे त्यांनी सत्तावीस वर्षे पुस्तकांची कार्डे लिहिली आणि निवृत्तीनंतरही कार्डे सोडली नाहीत. गावातल्या एका बंद पडलेल्या साप्ताहिकात बासष्ट वर्षे छोट्या जाहिराती छापल्या गेल्या होत्या. काय हरवले, काय सापडले, कोणी नाव बदलले, कोणी दुकान हलवले, या सगळ्यांची अकारविल्हे सूची त्या एकट्याच करीत होत्या. कार्डे पुरी झाली होती, आता ती संगणकावर उतरवण्याचे काम चालू होते. आपल्या नावावर निदान एक पुस्तक असावे, एवढीच त्यांची इच्छा होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती.

संगणक धाकट्या दिराने भेट दिला होता. दीर महाविद्यालयात प्राध्यापक. त्यांनी स्वतः येऊन तो जोडून दिला, तेव्हापासून वहिनी येईल-जाईल त्याला सांगत, सख्खा भाऊ करणार नाही इतके भाऊजींनी केले.

पुढे यंत्र मंदावले. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने त्यांना टास्क मॅनेजरमधली 'स्टार्टअप' यादी उघडून दाखवली. संगणक चालू होताच जे प्रोग्रॅम आपणहून सुरू होतात, त्यांची ती यादी. एकूण चौदा निघाले. वहिनी म्हणाल्या, "कुणी बोलावलं नाही, आणि मी दार उघडायच्या आधी खुर्च्या अडवून बसलेत." सगळे एकदम बंद करू या, असे झेरॉक्सवाला म्हणाला, पण त्यांना ते पटले नाही. गुन्हेगार कोण ते कळायला हवे होते. म्हणून रोज एकच प्रोग्रॅम बंद करायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचे आणि वेळ मोजून वहीत लिहायचा, असे ठरले. वेळ मोजायला नवऱ्याचे स्टॉपवॉच होते. नवरा घड्याळजी. त्याचे दुरुस्तीचे टेबल त्याच खोलीत, खिडकीपाशी असे.

प्रिंटरचा प्रोग्रॅम गेला, गाण्यांचा गेला, स्वतःला अद्ययावत करीत बसणारे तिघे गेले. वेळ चार मिनिटांवर आला. अकरावा होता 'सिस्टिम हेल्पर'. त्याच्यासमोर प्रकाशकाचा रकाना कोरा होता. प्रकाशकाचे नाव नसलेले पुस्तक वहिनींनी वाचनालयात कधी दाखल करून घेतले नव्हते. २८ जूनला त्यांनी तो बंद केला. वाचले फक्त चार सेकंद.

३० जूनची नोंद: 'भाऊजींचा फोन. संगणक ठीक आहे ना, अशी चौकशी. मी कोणाला काही बोलले नव्हते.'

त्याआधी आठ महिने भाऊजींचा फोन आला नव्हता. दुसऱ्या कोणी हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. वहिनींनी प्रोग्रॅम पुन्हा चालू केला. दहा दिवस फोन नाही. ११ जुलैला बंद केला, १२ला फोन आला: सेटिंगला हात लावू नका, मेहनत वाया जाईल. पुन्हा चालू केला, पुन्हा शांतता. २५ जुलैला तिसऱ्यांदा बंद केला आणि २६ला भाऊजी स्वतः दारात उभे राहिले.

वहिनींनी चहा दिला आणि कपाशेजारी वही उघडून ठेवली.

"भाऊजी, हा बंद केला की तुम्हाला आमची आठवण येते. चालू असला की येत नाही. असं का?"

भाऊजींनी पान दोनदा वाचले. मग म्हणाले, तो राखणीसाठी ठेवला आहे. यंत्र सुरू झाले की सूचीची एक प्रत माझ्याकडे येते, उद्या काही बिघडले तर हाताशी असावी.

"मग ती प्रत दाखवा."

"छपाईला गेलीय."

खिडकीपाशी नवरा एका घड्याळाचे झाकण लावत होता. तो वळला नाही.

"कुणाच्या नावावर?"

"वहिनी, तुमच्या नावावर कोण छापणार होतं? निदान छापली तरी जातेय."

केसाने गळा कापणे हा वाक्प्रचार वहिनींनी आयुष्यात अनेकदा वापरला असेल. त्या दिवशीच्या नोंदीत तो नाही. फक्त 'भाऊजी चहा न पिता गेले' एवढेच आहे. महाविद्यालयाच्या प्रकाशन समितीकडे त्यांनी तक्रार केली. घरचा वाद घरात मिटवावा, असे तिचे एका ओळीचे उत्तर फाइलला आहे.

सूची जानेवारीत निघाली. मुखपृष्ठावर प्राध्यापकांचे नाव, प्रस्तावनेत 'घरातील मंडळींचे साहाय्य'. पुस्तक 'मोत्याचे कानातले, हरवले' या नोंदीवर संपते. पुढची नोंद आहे 'मोर, पाळीव, उडून गेलेला'. ती मूळ कार्डावर आहे आणि कार्डे वहिनींच्या कपाटात आहेत. जाहीर झालेला दुसरा खंड निघाला नाही. कार्डे वहिनी कोणाला देत नाहीत आणि स्वतःही संगणकावर उतरवत नाहीत. पुस्तकाचे नाव निघाले की त्या विषय बदलतात.

राहिला एक मुद्दा. यंत्रातल्या नोंदीप्रमाणे तो प्रोग्रॅम ३ मार्च २०१४ रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी बसवला गेला. त्या वेळी वहिनी वाचनालयात होत्या. तिथल्या वाचकांच्या नोंदवहीत सव्वाअकरा ते दोन अशी त्यांची सही आहे. प्रोग्रॅम बसवताना पासवर्ड द्यावा लागतो. तो दोघांनाच माहीत होता, त्यांना आणि त्यांच्या नवऱ्याला. वहिनींनी नवऱ्याला आजवर विचारलेले नाही. "हो म्हणाले तर एका घरात राहायचं कसं? आणि नाही म्हणाले तर विश्वास कशाच्या बळावर ठेवायचा?"

घड्याळजींना विचारले असता त्यांनी डोळ्यावरची भिंगनळी न काढता सांगितले, मला फक्त घड्याळातले कळते.

वहिनींचे श्रम कोणी नेले, हे सिद्ध झाले आहे. त्या दुपारी पासवर्ड कोणी दिला, जाणूनबुजून दिला की भोळेपणाने, हे अद्याप अज्ञात आहे.