फेलिक्स मॅगेनिसचं मत

उल्का लेस्टरची. बेलग्रेव्ह रोडमागच्या गल्लीत जन्मली, तिथंच फार्मसी शिकली, आणि तिथंच तिला डोनल मॅगेनिस भेटला. डोनल उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनचा. मोर्न डोंगरांच्या पायथ्याशी शेती असलेल्या घरातला एकुलता एक मुलगा. लग्नानंतर उल्काला न्यूरीच्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि ती त्या डोंगराखालच्या घरात राहायला गेली. घरात माणूस एकच, डोनलचे वडील फेलिक्स.

फेलिक्स तेव्हा सत्तरीचे. उंच, खांद्यात किंचित वाकलेले, बोलायला अगदी मोजके. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. रोज सकाळी मेंढ्यांकडे जाण्याआधी ते गुळगुळीत दाढी करायचे, जसं काही डोंगरावर कुणी पाहुणा यायचाय. तिथल्या रीतीप्रमाणे उल्का त्यांना नावानंच हाक मारी. तिच्या आईच्या, मनीषाताईंच्या, ते काही केल्या पचनी पडेना.

"सासऱ्याला नावानं हाक? अगं, काय म्हणतील ते?"

"आई, इथे everybody तसंच बोलतो. त्यांना चालते."

मनीषाताई फोनवर "मामंजी कसे आहेत?" असंच विचारायच्या. फेलिक्सनी एकदा तो शब्द ऐकला, अर्थ विचारून घेतला आणि दिवसभर खूश होते.

पहिल्याच हिवाळ्यात ते तिला नदीकाठच्या खालच्या शेतात घेऊन गेले. अख्ख्या काउंटीत उठून दिसावी अशी काळीभोर जमीन. कोपऱ्यात खाजकुइलीसारख्या अंगाला झोंबणाऱ्या झुडपांत दगडांचा ढिगारा होता.

"इथं चूल होती," फेलिक्स म्हणाले. "माझ्या पणजोबाची. ओवेनची."

ओवेन मॅगेनिस जमीनदाराचं कूळ होता. दरसाल खंड भरायचा आणि मान खाली घालून राहायचं. मग एका वर्षी सरकारची माणसं आली. माती चोळून पाहिली, वास घेतला, नदी किती लांब ते बघितलं आणि जमिनीची किंमत ठरवली. कायदा असा झाला होता, की ज्याच्या ताब्यातल्या जमिनीची किंमत ठरावीक आकड्याच्या वर, त्या पुरुषाला मत. ओवेनची जमीन चांगली म्हणून आकड्याच्या वर गेली. घराण्यात पहिल्यांदाच कुणाला मत मिळालं.

"पण तेव्हा मत गुपचूप द्यायचं नसे, पोरी," फेलिक्स म्हणाले. "सगळ्यांसमोर उभं राहायचं. नाव सांगायचं, गाव सांगायचं, आणि कुणाला मत ते मोठ्यानं बोलायचं. जमीनदाराचा कारभारी समोर बसलेला असायचा."

"मग?"

"मग काय. ओवेननं कुळांच्या बाजूच्या माणसाचं नाव घेतलं."

पुढच्या वसंतात जमीन सोडायची नोटीस आली. छप्पर उतरवलं, चूल फोडली. ओवेनच्या बायकोला आठवा महिना भरला होता. ती रस्त्याच्या कडेला बाळंत झाली आणि ते मूल जगलं नाही. उरलेली मंडळी वर डोंगरात गेली. तिथल्या जमिनीत गवतही रडतखडत यायचं. किंमत इतकी कमी, की ओवेनचं मतही गेलं. जमीन गेली तसं मत गेलं.

उल्काच्या आजोळीही कुळांच्या गोष्टी होत्या. आजोबांचे वडील दुसऱ्याची जमीन कसायचे आणि कूळकायदा आला तेव्हा त्यांना ती मिळाली, एवढं तिनं आईकडून ऐकलं होतं. ती गोष्ट आनंदात संपायची. ही तशी संपत नव्हती.

खालचं शेत फेलिक्सनी चाळिशी उलटल्यावर विकत घेतलं. त्यासाठी ते इंग्लंडात बोगदे खणायला जाऊन आले होते. मताची गोष्टही तशीच उशिराची. ज्याच्या नावावर घर त्यालाच आणि त्याच्या बायकोलाच स्थानिक कौन्सिलचं मत, असा तिथला नियम साठच्या दशकाअखेरपर्यंत होता. बापाच्या घरात राहणाऱ्या मुलाला ते नव्हतं. फेलिक्सचे केस पांढरे व्हायला लागले, तेव्हा कुठं त्यांना कौन्सिलसाठी मत देता आलं. त्यानंतर एकही निवडणूक त्यांनी चुकवली नाही. मतदानाच्या दिवशी ते सूट घालत, टाय बांधत. डोनल चेष्टा करायचा, "बाबा, लग्नाला निघालात का?" ते टायची गाठ आणखी घट्ट करत.

सिया जन्मली. घरात खेळणी आली, आवाज आला. फेलिक्स नातीला खांद्यावर घेऊन मेंढ्या दाखवायचे.

दोन हजार एकच्या मार्चमध्ये, पाऊस पडून गेल्यावर, वरच्या उतारावर डोनलचा ट्रॅक्टर उलटला. फेलिक्सच आधी पोचले. उल्का हॉस्पिटलातून येईपर्यंत ते मुलाचं डोकं मांडीवर घेऊन चिखलात बसून होते. अंत्यविधीला सगळी पंचक्रोशी आली. शेजारच्या ब्रिजिड स्लोननं स्वयंपाकघर हातात घेतलं आणि आठवडाभर कुणाला उपाशी ठेवलं नाही. फेलिक्स प्रत्येकाशी हात मिळवत उभे राहिले. रडले नाहीत. उल्काला त्याचीच भीती वाटली.

मनीषाताईंनी परत ये म्हणून आग्रह धरला. उल्का गेली नाही. ती गेली असती तर म्हातारा रोज सकाळी कुणासाठी दाढी करणार होता?

दोन वर्षं तिघं एकमेकांना धरून राहिली. मेंढ्या कमी केल्या. खालचं शेत अकरा महिन्यांच्या करारानं शेजाऱ्याला चरायला दिलं. त्या दिवसांत जमिनीचे भाव वेड्यासारखे वाढत होते. घरं बांधणारे गाड्या घेऊन यायचे, फाटकाशी थांबून शेताकडे बघत राहायचे. फेलिक्स त्यांना चहा द्यायचे आणि नाही म्हणून सांगायचे.

दोन हजार तीनच्या नोव्हेंबरात निवडणूक लागली. नियम बदलला होता. आता फोटोचं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मत देता येणार नव्हतं. फेलिक्सकडे पासपोर्ट नव्हता आणि डोळे अधू झाल्यावर त्यांनी लायसन्सही सोडून दिलं होतं. नवीन कार्ड फुकट मिळत होतं, फक्त फोटो काढायला जायचं होतं. उल्का मागे लागली.

"फेलिक्स, चला ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"मला फोटो नको."

"पण नियम आहे."

"पोरी, या गावातली कुत्रीसुद्धा मला ओळखतात."

पुन्हा विचारलं तेव्हा ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आरशात बघतो तेव्हा डोनल म्हातारा झालेला दिसतो. त्याचा फोटो काढून घेऊ?" त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

मतदान सियाच्या शाळेत होतं. फेलिक्सनी सूट घातला, टाय बांधला. लहान मुलांच्या छोट्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. टेबलामागे ब्रिजिड स्लोन बसली होती. तिनं वर पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला.

"फेलिक्स, ओळखपत्र?"

त्यांनी खिशातून मेडिकल कार्ड काढलं. इतकी वर्षं तेच चालत आलं होतं.

"यावर फोटो नाही," ब्रिजिड हळूच म्हणाली. "मला नाही देता येणार."

"ब्रिजिड, मी कोण आहे?"

"असं नका विचारू."

"तुझ्या बारशाला मी आलो होतो. माझ्या मुलाच्या मयताला तू भाकरी भाजल्यास. सांग, मी कोण आहे?"

ब्रिजिडच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. तिथले मुख्य अधिकारी बाहेरगावचे होते. ते उठून आले आणि शांतपणे, सभ्यपणे म्हणाले, की नियम सगळ्यांना सारखा आहे. त्यात त्यांची काही चूक नव्हती.

फेलिक्स दोन पावलं मागे सरकले. उल्काला वाटलं, आता निघतील. पण ते ताठ उभे राहिले. खांद्यातला वाक तिनं पहिल्यांदाच गेलेला पाहिला. त्यांनी मोठ्यानं आपलं नाव उच्चारलं. मग गावाचं नाव. आणि मग ज्याला मत द्यायचं होतं त्या माणसाचं नाव, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं.

रांगेतल्या माणसांनी टोप्या काढून हातात घेतल्या आणि खाली बघितलं.

"साहेब, हे मोजता येणार नाही," अधिकारी म्हणाले.

"माहीत आहे," फेलिक्स म्हणाले आणि उल्काचा हात शोधू लागले.

गाडीत बसल्यावर त्यांना रडू फुटलं. डोनलच्या वेळचं, बायकोच्या वेळचं, सगळं एकदम. उल्का गाडी सुरू न करता शेजारी बसून राहिली, एका हातानं त्यांची पाठ चोळत. काही वेळानं ते म्हणाले, "मीच हट्ट केला. ओवेनचं त्यांनी काढून घेतलं. माझं मीच घालवलं." मग तिनं हळूच गाडी सुरू केली.

त्या दिवसापासून ते उतरणीला लागले. दाढी करायची राहू लागली. नाताळात छातीत कफ भरला, आणि जानेवारीत, भर दुपारी, सिया शाळेत असताना ते गेले. उल्का जवळ होती. शेवटी त्यांनी तिला डोनल समजून मेंढ्यांचं काहीतरी विचारलं. ती "हो बाबा" म्हणाली.

शेती त्यांनी तिच्या नावावर केली होती. तिनं आणखी दीड वर्ष ओढलं. नोकरी, मेंढ्या, मुलगी आणि अंधारलेलं ते मोठं घर. शेवटी खालचं शेत विकलं. घरं बांधणाऱ्यांनी सही झाल्यावर आठवड्याभरातच कोपऱ्यातले दगड ट्रकमध्ये भरून नेले. उल्का तेव्हा कामावर होती. संध्याकाळी परतली तर तिथं नुसती सपाट, ओली माती होती.

डोंगरावरची जमीन ब्रिजिडच्या घरच्यांनी घेतली. लेस्टरला निघायच्या आदल्या दिवशी मनीषाताईंचा फोन आला. उल्काच्या आवाजावरून त्यांना कळलं, की लेक अजून घुटमळतेय.

"अगं, आता तुझं कोण उरलंय तिथं?"

"दोघे जण आहेत, आई, चर्चमागच्या मातीत," उल्का म्हणाली.

फोन दोन्हीकडे कानाला तसाच राहिला. शेजारच्या खोलीत सिया खोक्यात पुस्तकं भरत होती. एकेक पुस्तक ती काढून पुन्हा फळीवर लावायची आणि पुन्हा खोक्यात ठेवायची.