व्हेरोनिकाने उपसलेली विहीर

उत्तनच्या पुढे, खाडीच्या अंगाला खुरसापाडा आहे. तिथल्या व्हेरोनिकाच्या वाटेला मासेबाजारातले गुंडही जात नाहीत. खांदे पुरुषासारखे, आवाज भरतीचा, पाटीत कायम कोयता. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही. त्याच कोयत्याने घोळ-सुरमई कापून तिने मुलाला, लिओनार्डला वाढवलं. पण तिची गोष्ट सांगायची तर आधी विहिरीची सांगावी लागते, कारण सगळा पाडाच त्या विहिरीतून वर आला आहे.

पूर्वी कधीतरी देवासाठी घर सोडलेली तीन कुटुंबं होड्या घेऊन या किनाऱ्याला लागली. त्यांनी आधी डोलकाठी कापून खुरूस, म्हणजे क्रूस, उभा केला, मग विहीर खणली, घरं सगळ्यांत शेवटी. पहिल्याच वैशाखात पाणी तळाला गेलं आणि एका बादलीसाठी भावाने भावाच्या डोक्यात वल्हं घातलं. रक्त विहिरीत पडलं. लोक म्हणाले, बुजवा. त्यांच्यातला म्हातारा पाद्री म्हणाला, "बुजवून पाप जात न्हाय. ज्यानं सांडलं त्यानं उपसायची." मारणाऱ्याने रडत रडत विहीर कोरडी केली आणि नव्या झऱ्याचं पहिलं पाणी भावाच्या बायकोला पाजलं. तेव्हापासून पाड्यातली प्रत्येक नवरी याच पाण्याने न्हाते. जुनी माणसं सांगत, लग्नाचं पाणी बाहेरून आलं की पाडा उठला समजा.

व्हेरोनिकाच्या नातीचं, लिओनार्डच्या शॅननचं लग्न ठरलं, तेव्हा पाड्यावर एका बिल्डरची नजर होती. अर्धी घरं जमीन द्यायला तयार, अर्धी अडून. अडलेली म्हणायची, विहीर जिती हाय तोवर आम्ही हाय. बिल्डरचा माणूस होता डिलन, व्हेरोनिकाच्या मोठ्या दिराचा मुलगा. बापाने त्याला लहानपणीच काशीमीऱ्याला नेलं, तिथे तो गॅरेजांमध्ये आणि हॉटेलांमध्ये वाढला. पाड्याची गोष्ट त्याच्या कानावर पडली होती, पण अर्धीच: रक्त पडलं की पाणी बाटतं.

लग्नाच्या आदल्या दुपारी बँड वाजत होता, बायका घागरी घेऊन विहिरीवर निघाल्या होत्या. पुढे व्हेरोनिका, बाजूला लिओनार्ड. कठड्यावर डिलन बसलेला, सोबत लोखंडी सळ्या घेतलेले चौघे.

"काकी, टँकर मागवलाय तुझ्यासाठी. मिनरल वॉटरने आंघोळ घाल पोरीला!"

"तुझ्या बापाच्या मयताला ठेव तो टँकर," व्हेरोनिका म्हणाली. "ऊठ."

लिओनार्डने त्याची कॉलर धरली. डिलनला तेच हवं होतं. "मारो साले को! इधरही मारो, कुएँ पे!"

पहिली सळी लिओनार्डच्या कानामागे बसली. दुसरी पडता पडता खांद्यावर. बँडवाल्यांनी ढोल टाकून पळ काढला. लिओनार्डचं डोकं कठड्यावर आपटलं आणि रक्ताची धार आत, पाण्यावर पडू लागली. डिलन हसला. "संपली विहीर!" त्याने स्वतःची सळी उचलली, तिसऱ्या घावासाठी.

तो घाव खाली आला नाही. व्हेरोनिकाचा कोयता त्याच्या पंजात हाडापर्यंत शिरला. घोळ कापताना ती जसा एकच घाव घालते, तसाच. सळी विहिरीत पडली, मागोमाग डिलनचं रक्तही. बायकांनी घागरी फेकल्या, त्या चौघांची नाकं-तोंडं फुटली. ते गाडीत बसून पळाले, डिलनला तिथेच टाकून.

लिओनार्डला रिक्षातून हॉस्पिटलात नेलं. डिलन उठून मागे धावला, तर व्हेरोनिका आडवी.

"कुठं चाललास?"

"काकी, हात गेला माझा! सोड!"

"विहीर संपली म्हणालास ना? अर्धीच गोष्ट ऐकलीस रं तू. ज्यानं सांडलं त्यानं उपसायची. तू सांडलंस, मी सांडलं." तिने लुगड्याचा काठ फाडून त्याचा पंजा करकचून बांधला. "एक थेंब आत पडला तर पहिल्यापासून. दुसरा हात हाय न्हाय? धर रस्सी."

कोयता अजून तिच्या हातात होता. डिलनने रस्सी धरली. प्रत्येक बादलीला तो किंचाळत होता, आणि पाड्यातलं एकही माणूस पुढे झालं नाही. पाचव्या बादलीला तो कोसळला. मग त्यालाही रिक्षात घातलं.

उरलेली विहीर तिने एकटीने उपसली. तळहाताची साल निघाली, तशी तिने हातांना चिंध्या गुंडाळल्या. एक थेंब आत जाऊ दिला नाही. तळाचा चिखल वर आला, त्यात ती सळीही आली. मग खडकाच्या फटीतून झरा सुटला.

सकाळी पोलीस आले. डिलनने तक्रार दिली होती.

"चला मावशी," हवालदार म्हणाला.

"नातीच्या डोक्यावर पाणी पडू दे. मग चल म्हणशील तिथं येते."

हवालदार उंबऱ्याबाहेर थांबला. डोक्याला टाके घातलेल्या लिओनार्डने घागर उचलून दिली, व्हेरोनिकाने ती शॅननच्या डोक्यावर ओतली. पाणी गढूळ होतं. नवरीच्या केसांतून चिखल ओघळला, आणि कालपर्यंत बिल्डरला सही द्यायला निघालेल्या घरांतल्या बायकांनीही गाणं उचललं.

व्हेरोनिकाने चिंध्या सोडल्या, ओले हात लुगड्याला पुसले आणि ती जीपमध्ये जाऊन बसली.