वीरप्पानं मोट कापली

माणसाला मोटार चालवता आली की त्याच्या डोक्यात हवा जाते. माझ्या तर फारच गेली होती. अख्ख्या उमरग्यात तेव्हा दोनच मोटारी. त्यातली कापडी टपाची काळी मोटार अण्णाराव देशमुखांची, आणि तिचा ड्रायव्हर मी, बलभीम. रस्त्यात बैलगाडी आडवी आली की भोंगा वाजवायचा आणि वर चार शिव्या हासडायच्या, असा माझा खाक्या.

चव्वेचाळीस सालचा चैत्र. अण्णाराव हैदराबादला गेलेले आणि इकडं त्यांच्या लेकीला, शिवकांताला, कळा सुरू झाल्या. रात्र सरली तरी सुटका होईना. सकाळी सुईणीनं हात टेकले. म्हणाली, "मूल आडवं हाय. माझ्या हातात न्हाय आता. सोलापूर गाठा." मागच्या बाकावर शिवकांताला निजवलं, तिची आई प्रेमाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी निघालो.

जळकोट मागं टाकलं आणि मोटारीच्या नाकातून वाफेचा लोट उठला. बघतो तर रेडिएटरची रबरी नळी उभी फाटलेली. इंजिनाचं पाणी सगळं रस्त्यावर. नवी नळी मिळणार सोलापुरात, आणि सोलापूर पंधरा-सोळा कोस. बैलगाडीनं गेलो असतो तर दुसरा दिवस उजाडला असता. तेवढा वेळ शिवकांताजवळ नव्हता. धोतर फाडून नळीला गुंडाळलं, ते फळाफळा गळलं. माझी सगळी ऐट तिथंच उतरली.

रस्त्याला लागून मळा होता. विहिरीवर एक पन्नाशीचा गडी मोट हाकत होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगात बंडी. त्याचं नाव वीरप्पा, हे मला पुढं कळलं. त्यानं बैल थांबवले, आला, आधी गाडीत डोकावला. मग बायकोला हाक मारून कानडीत काही सांगितलं. ती शांताक्का. पाण्याची घागर घेऊन धावत आली आणि शिवकांताचे पाय चोळायला बसली.

वीरप्पानं नळीला बोट लावलं, वाकून नीट पाहिलं आणि एक शब्द न बोलता परत विहिरीकडं गेला. माझं डोकंच फिरलं. "बघा, तमाशा बघून गेला!" मी ओरडलो. "माणूस आहे का दगड!" शांताक्का तिथंच बसली होती, तिनं ऐकलं. मान वर केली नाही, पाय चोळत राहिली.

थोड्या वेळानं तो आला तेव्हा त्याच्या हातात ओल्या चामड्याचा तुकडा होता. मोटेला खाली सोंड असते, चामड्याची लांब नळी, तिच्यातून पाणी पाटात पडतं. वीरप्पानं ती सोंड कापली होती. ऐन उन्हाळ्यात, मळ्यात मिरचीचं पीक उभं असताना, धडधाकट मोट कापली होती!

त्यानं तो तुकडा फाटक्या नळीवर दोन वेढे देऊन ताणला आणि चामड्याच्या वादीनं करकचून आवळला. मी पाणी भरलं. थेंब गळला नाही.

"जमलं!" मी म्हणालो.

"न्हाय जमलं," वीरप्पा म्हणाला. "चामडं वाळलं की गळतंय, ड्रायवरसाब. मोटंचं तसंच हाय. भिजत ठेवाया पायजे. चला, म्या येतो."

असं म्हणून तो घागर काखेत धरून मोटारीच्या पायरीवर उभा राहिला. कोस-दीड कोस गेलं की पायरीवर थाप मारायचा. मी थांबायचो. तो उडी मारायचा, चामड्यावर ओलं फडकं पिळायचा, वादी आवळायचा आणि पुन्हा पायरीवर. नळदुर्गात घागर भरून घेतली. सोलापूरच्या अलीकडं, जिथं निजामाची हद्द संपते, तिथल्या नाक्यावर शिपायानं आधी गाडीत पाहिलं, मग त्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या माणसाकडं पाहिलं, आणि काही न विचारता आडवा बांबू वर केला. वाफेनं वीरप्पाचे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले होते. भीती माझ्या पोटात होती. त्याच्या तोंडावर नव्हती.

दिवस कलायच्या आत दवाखाना आला. शिवकांताला आत नेलं आणि मी बाहेर येतो तर मोटारीची पायरी रिकामी. तो पायीच परत निघाला होता.

शिवकांता वाचली. मुलगा झाला. हैदराबादेहून परतल्यावर अण्णारावांनी सोलापुरातून कोरी मोट घेतली आणि आठव्या दिवशी मला जळकोटला धाडलं.

मळ्यात पाऊल टाकलं. अर्धी मिरची माना टाकून उभी होती. विहिरीलगतची अर्धी हिरवी होती, कारण नवरा-बायको आठ दिवस डोक्यावर घागरी वाहत होते. मोट सांधणारा सोनारी गावच्या जत्रेला गेलेला, अजून परतला नव्हता. वीरप्पानं मला पाहिलं, भरली घागर खाली ठेवली.

"बाळंतीण?"

"सुखरूप. मुलगा झाला."

त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरून डोळे मिटले. शांताक्का पदरानं डोळे पुसत हसली.

"अण्णारावांनी मोट पाठवलीय," मी म्हणालो.

"कोन अण्णाराव?" वीरप्पानं विचारलं.

आमच्याकडं कुणाला तांब्याभर पाणी द्यायचं तरी आधी गाव विचारतात, मग नाव, मग पाव्हणे-रावळे. या माणसानं मोट कापली, हात भाजून घेतले, पंधरा-सोळा कोस पायरीवर उभा राहिला, आणि कुणासाठी, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

मी अण्णारावांचं नाव-गाव सांगितलं. शिवकांताचं सांगितलं. मग टोपी काढून, खाली बघत, माझंही नाव सांगितलं.