मधलं पुसलेलं चित्र

माझ्या कामाचं आमच्या घरात कुणाला फारसं कौतुक नव्हतं. साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे. तिथे आम्ही बेदाणा निवडणाऱ्या यंत्रासाठी कॅमेरा बनवत होतो. पट्ट्यावरून बेदाणे धावतात, त्यातली काडी, खडा, काळा पडलेला दाणा कॅमेऱ्यानं ओळखायचा. सगळं चित्र सारखंच स्पष्ट घेतलं तर कॉम्प्युटर धापा टाकतो, म्हणून आम्ही माणसाच्या डोळ्याची नक्कल करत होतो. आपला डोळाही सगळं नीट बघत नाहीच. मधला एवढासा भाग लख्ख दिसतो, कडेचं सगळं अंदाजपंचे. कडेला काही खटकलं की नजर तिकडे वळते आणि मग ते नीट दिसतं. कॅमेऱ्यानंही तसंच करायचं. हे मी आईला तासभर समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे बेदाणे निवडायला तू इंजिनिअर झालीस."

त्या दिवसांत मी तिच्यावर तशीही चिडलेली होते. कारण होतं मावशी. ही आईची धाकटी आणि एकुलती एक बहीण, पलूसला असते. रोज संध्याकाळी दोघींचा फोन चालायचा आणि तो इतका लांबायचा की कुणाची तरी भाजी हमखास करपायची. मग मावशीनं नवं घर बांधलं, वास्तुशांत झाली आणि तिथेच बिनसलं.

आहेराची साडी आमच्याकडे नुसती घ्यायची नसते. घडी मोडायची, पदर उलगडायचा, काठावरून हात फिरवायचा आणि देणारीच्या तोंडाकडे बघून रंगाची तारीफ करायची. मावशीनं स्वतः सांगलीला जाऊन, दुकानदाराला घाम फोडून आईसाठी साडी निवडली होती. आईनं ती मांडीवर घेतली, खिडकीकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं." घडीसुद्धा मोडली नाही. पुढे मावशी हौसेनं घर दाखवत होती, तेव्हाही आई तिच्याकडे पाहीना. मावशी बोलायची आणि आई दाराच्या चौकटीकडे तोंड करून मान डोलवायची. सगळ्या बायकांनी ते पाहिलं.

दोन दिवसांनी मावशीचा मलाच फोन आला. "तुझ्या आईला सांग, आमी खेड्यातली माणसं. आमच्या तोंडाकडं बघवत नसंल तर येऊ नगंस म्हणावं." त्यानंतर संध्याकाळचे फोन बंद पडले. आईला विचारलं की ती म्हणायची, "फुगलीय. उतरेल आपोआप." पण सहा वाजले की फोन मांडीवर घेऊन गप्प बसून राहायची. बहिणीला गमावून बसेल ही बाई, पण एक शब्द बोलणार नाही, असं वाटून माझा संताप व्हायचा.

एका रविवारी कॅमेरा मी घरी आणला. डायनिंग टेबलावर मांडला, लॅपटॉप जोडला आणि स्वयंपाकघरातल्या वस्तू त्याच्यासमोर धरायला लागले. त्याला बेदाण्यातलंच शिकवलेलं, त्यामुळे लाटणं बघून त्यानं ठामपणे 'काडी' असं जाहीर केलं. आई खूप हसली. "एवढी काडी, तर बेदाणा केवढा गं?" बत्त्याला तो खडा म्हणाला. मी सेटिंग बदलायला गेले आणि घाईघाईत नेमकं उलटं करून बसले. पडद्यावर कडेची खिडकी, कपाट, माझा कोपर सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि मधोमध, जिथे माझं तोंड असायला हवं तिथे, करडा धब्बा. स्वतःवरच वैतागून मी ते परत बदलणार, तोच आई पडद्याशी वाकली. मान तिरकी करून तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हां, आता बरोबर केलंस. असंच दिसतं."

"कुणाला असं दिसतं?"

आपण काय बोलून गेलो ते तिच्या लक्षात आलं. ती बत्ता उचलून ओट्याकडे निघाली होती, पण मी काही तिला सोडलं नाही. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. बरेच दिवस झाले होते. रिक्षा करून एकटीच डॉक्टरकडे जाऊनही आली होती. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय, औषधानं तो परत यायचा नाही, पण कडेचं शाबूत राहील असं त्यांनी सांगितलेलं. कडेनं बघायची युक्ती तिची तिनंच शोधून काढली होती.

"आणि मावशीला हे सांगायला तुला काय झालं?"

"गर्विष्ठ म्हणू दे मला," आई म्हणाली. "बिचारी म्हटलेलं खपायचं नाही."

मला एकाच वेळी रडू आलं आणि तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मी फोन लावते म्हटलं, तर तिनं शपथ घातली. चार दिवस आमच्या घरात अबोला होता. पाचव्या दिवशी सकाळी ती चहा गाळता गाळता म्हणाली, "ते तुझं यंत्र पलूसला नेता येतं का? तोंडानं सांगायला मला जमायचं नाही."

कऱ्हाड मागे पडल्यावर तिनं दोनदा गाडी वळवायला सांगितली. मी गाण्यांचा आवाज वाढवला.

मावशीनं दार उघडलं आणि "ये" म्हणाली ते फक्त मला. पाणी दिलं आणि "च्या घेणार का?" असं विचारलं. आमच्या नात्यात चहा विचारून करतात ते फक्त वसुलीवाल्यांना. मी टीपॉयवर कॅमेरा मांडला, त्याचं तोंड मावशीकडे केलं आणि ते उलटं सेटिंग लावलं. पडद्यावर मावशीचे कान, खांदे, मागचं शोकेस सगळं आलं. तोंडाच्या जागी धब्बा.

"ही मीच न्हवं का? मग मधीच काय झालं?" मावशी म्हणाली. "बिघडलंय व्हय?"

"यंत्र चांगलं हाय. माझं डोळं बिघडल्यात," आई म्हणाली. "नीट समोर बघितलं की असं दिसतंय."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. मग खाली बसली. "आक्का, आनि साडी?"

"जांभळी, हिरवा काठ. खिडकीकडं बघितलं तवा दिसली. घडी मोडली असती तर काठ चाचपडत बसले असते सगळ्यांदेखत."

"आनि घर दाखवत हुते तवा? माझ्या तोंडाकडं एकदा बी बघितलं न्हाईस तू."

"तवाच तर बघत हुते की तुझ्या तोंडाकडं. दुसरीकडं बघितल्याबिगर तू दिसत न्हाईस मला."

आता मावशी 'बिचारी गं माझी आक्का' म्हणून गळ्यात पडते की काय, या धास्तीनं मी आईकडे बघितलं. तिनं पाठ ताठ केली होती. मावशी उठली, पदरानं स्वतःचं नाक पुसलं, आईसमोर पाटावर येऊन बसली आणि आईची हनुवटी धरून तिचं तोंड भिंतीकडे वळवलं.

"बघ आता नीट," ती म्हणाली.

आई बराच वेळ भिंतीकडे बघत होती. मग म्हणाली, "वाळलीस गं."