हरिश्चंद्रदादांची भाजावळ

हातखंब्यापासून आत, डोंगराला टेकलेली बारा घरांची वाडी. हरिश्चंद्रदादा तिथले गावकर, म्हणजे मानाचा माणूस. देवळात बैठक बसली की पहिला शब्द दादांचा, आणि खरं सांगायचं तर शेवटचाही त्यांचाच. मधल्यांनी नुसत्या माना डोलवायच्या. दादांना हे फार गोड लागायचं, खोटं कशाला बोला!

या रविवारी सकाळी मात्र देवळाची पायरी चढताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बैठक भाजावळीची होती.

पावसाआधी भाताची रोपं जिथं करायची ती जमीन पालापाचोळा, गवत पसरून भाजतात. वाडीतल्या सगळ्यांच्या या जागा उतारावर एकमेकींना लागून, म्हणून सगळे एकाच दिवशी, एकमेकांच्या मदतीनं आग लावतात. गेल्या वर्षी दादा म्हणाले होते, "धा वाजता लावूया. दव सुकला म्हंजे झक्क पेटंल." तुळसा, त्यांच्या मयत चुलतभावाची बायको, खांबाआडून म्हणाली होती, "भावोजी, धाच्या पुढं खालचा वारा सुटतो हो." त्यावर दादा म्हणाले, "वाऱ्याला मी चाय पाजून बसवून ठेवतो, तू घाबरू नको." सगळे खो खो हसले. ठरलं.

वारा साडेदहालाच सुटला. आग बांध ओलांडून सुक्या गवतातून वर धावली आणि बारा वर्षं पाणी घालून वाढवलेली तुळसाची चाळीस काजूची कलमं तासाभरात काळी पडली. ती ओरडली नाही. डोक्यावरचा हंडा खाली ठेवून नुसती बघत राहिली. ते दादांनी पाहिलं होतं.

त्यानंतर वाडी एका सुरात म्हणाली, "सगळ्यांनी मिळून ठरवला व्हता, कुणा एकाची चूक नाय." दादांनी या वाक्याची गोधडी वर्षभर अंगावर ओढून घेतली. आत त्यांचा जीव घुसमटत होता, पण बाहेर यायची लाज त्याहून मोठी होती. तुळसा समोरून आली की ते वाट बदलायचे. तिनं त्याच जागी पुन्हा काजूची रोपं लावली होती. ती आता गुडघ्याएवढी झाली होती, आणि गवत पुन्हा तितकंच सुकलं होतं.

सगळे जमले. रूपेश मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला, गुणवंती बचत गटाची प्रमुख. ही दोघं काही बोलायला भिणारी माणसं नव्हेत. तरी सगळ्यांच्या नजरा दादांच्या तोंडाकडे. एवढं जळूनही हीच तऱ्हा! दादांनी काहीही म्हटलं असतं, तरी माना डोलल्या असत्या.

"मी बाहेर बसतो," ते म्हणाले. "आग हाताबाहेर गेली तर कशी जाईल, ता पयला एकेकानं बोला. माजा तोंड समोर नको."

ते देवळामागच्या जोत्यावर जाऊन बसले.

मग आतून रूपेशचा आवाज आला. "गेल्या साली माज्याबी मनात वारा व्हता. पन म्हटला, दादांना आपल्यापेक्षा जास्त कळता."

"मना गवताचा भ्याव वाटला व्हता," गुणवंती म्हणाली. "बांधालगतचा कापूया, असा व्हटावर आला व्हता."

आणखी दोघं तसंच बोलले. दादा बोटांवर मोजत होते. चार माणसांना कळलं होतं, आणि चौघांनी ते गिळलं होतं. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

"मी गिळला नव्हता," तुळसा म्हणाली. "बोलले व्हते. तुमी सगळे हसलाव."

त्यानंतर बोलणं भराभर सुरू झालं: आधी बांधाभोवती गवत कापून मोकळा पट्टा करायचा, पाण्याची पिंपं वर न्यायची, पहाटे लावून आठाच्या आत विझवायचं, आणि तुळसा थांबा म्हणाली की थांबायचं. दादांना आत बोलावलं. "तुमचा काय म्हन्ना?" रूपेशनं विचारलं.

"माजा काय नाय," दादा म्हणाले. मग तुळसाकडे वळले. मान वर होईना. "तुळसा, चूक सगळ्यांची नव्हती. माजी व्हती."

"म्हायती हाय, भावोजी," ती म्हणाली. "तुमी कबूल होत नव्हताव. माज्याकडं यावा तर तुमची चूक मानल्यागत व्हयल, म्हनून ही मान्सा वरीसभर माज्या दारातबी आली नाय."