सतरा नंबरच्या दारावरची टोपी

क्लाइव्ह ट्रेनगोव्ह चार महिने डल्सीला टाळत होता. आता कुलबिन गाव ते केवढं! एक पेट्रोल पंप, एक बेकरी, एक टपाल कचेरी. अशा गावात एका बाईला चार महिने चुकवायचं म्हणजे काय खायचं काम नाही. डल्सीची पांढरी गाडी बेकरीपुढे दिसली की हा पठ्ठ्या ब्रेडबिड विसरून सरळ पुढे निघून जायचा आणि संध्याकाळी बिस्किटांवर भागवायचा.

डल्सीचा नवरा मर्व जानेवारीत, तिकडच्या ऐन उन्हाळ्यात, कालव्यात गेला. सतरा नंबरच्या दारातून अचानक पाणी सुटलं आणि त्या लोंढ्यानं त्याला कचरा अडवणाऱ्या खालच्या जाळीवर दाबून धरलं. ते दार क्लाइव्हनं ऑफिसात बसून उघडलं होतं. एवढं सगळ्या गावाला ठाऊक होतं, डल्सीलाही ठाऊक होतं, आणि 'मशीननं घात केला, क्लाइव्ह बिचारा काय करणार' असं म्हणून लोक मोकळे झाले होते. पण त्या सकाळची एक गोष्ट क्लाइव्हनं कुणालाच सांगितली नव्हती. ती डल्सीला सांगायची होती. धीर होत नव्हता.

दोघं पाटकरी. क्लाइव्ह नोकरीत एकतीस वर्षांचा जुना, मर्व त्याच्या मागून सातेक वर्षांनी आलेला. कालव्यावर दर मैलाला लोखंडी दार, दारावर मोठं चाक. चाक फिरवलं की दार वर जातं आणि द्राक्षमळ्यांच्या चाऱ्यांना पाणी मिळतं. दाराखालच्या खड्ड्यात, पुढच्या जाळीपर्यंत, शेवाळ, फांद्या, मेलेले कार्प मासे अडकायचे. ते काढायला पाटकरी आत उतरायचा, आणि उतरण्याआधी डोक्यावरची टोपी काढून चाकावर अडकवायचा. चाकावर टोपी म्हणजे खाली माणूस. मग मळेवाला कितीही बोंबलत येवो, चाकाला कुणी बोट लावत नसे. मर्व नवा असताना एकदा टोपी डोक्यावर ठेवूनच उतरला, तेव्हा क्लाइव्हनं त्याला कॉलर धरून वर ओढलं होतं.

"मरायचंय का रे लेका? टोपी कुठेय तुझी?"

"डोक्यावर. ऊन केवढं आहे!"

"ऊन लागून कुणी मरत नाही. चाकावर ठेव!"

सहा वर्षांपूर्वी दारांना मोटारी बसल्या. प्रत्येक दाराजवळ खांबावर एक राखाडी पेटी आली, पेटीत कंट्रोलर. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्राम त्या पेटीला नेटवर्कवरून हुकूम धाडणार आणि पेटी दार हलवणार. चाकं नुसती शोभेला उरली. क्लाइव्हचे गुडघे गेले होते, म्हणून त्याला स्क्रीनसमोर बसवलं. मर्व शेवाळ काढायला बाहेरच राहिला, कारण शेवाळ काढणारा प्रोग्राम अजून कुणी लिहिलेला नाही.

शिकवायला टेगन नावाची इंजिनिअर आली. पोरगी हुशार आणि मनानं चांगली. तिनं पहिल्याच दिवशी करून दाखवलं. 'सतरा नंबर, साठ टक्के' असं धाडलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पेटीकडून उत्तर आलं : 'सतरा नंबर, साठ टक्के.'

"हे तर माझंच वाक्य मला परत ऐकवतंय," क्लाइव्ह म्हणाला.

"म्हणजे त्याला ऐकू आलं."

"ऐकू आलं गं, पण त्यानं खाली वाकून बघितलं का?"

टेगन हसली. "बघण्यासाठी ही कळ आहे. माणूस उतरणार असेल तर त्यानं पेटीवरची कळ 'जागेवर'कडे फिरवायची. मग इथून पाठवलेलं काहीच ती ऐकत नाही."

कळ चांगलीच होती. कामगारांना तिचे वर्ग झाले, सह्या झाल्या. पण मर्वचा हात अठरा वर्षं टोपीकडे जायला शिकलेला, तो कळीकडे काही जाईना. क्लाइव्हनं सांगून पाहिलं, शिव्या घालून पाहिल्या. मर्वचं एकच, "टोपी आहे ना? आणि तू आहेस ना तिथं?"

अखेर क्लाइव्हनं आपला मार्ग काढला. कुठल्याही दाराला हुकूम धाडण्याआधी तो मर्वला फोन लावायचा.

"टोपी कुठेय?"

"डोक्यावर."

असं उत्तर आलं की मग धाडायचा. कधीकधी मर्व म्हणायचा, "चाकावर. थांब जरा, एवढा मासा फेकतो." मग क्लाइव्ह चहा करून यायचा. सहा वर्षं हे असंच चाललं. नियमात ते कुठेच नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून पारा चढत होता. पाण्याची पाळी अकराची होती, पण एका मळेवाल्यानं फोन करून जीव खाल्ला, द्राक्षं करपतायत, आत्ताच सोडा. नेमकी त्याच वेळी शहरातल्या मुख्य ऑफिसची चार माणसं आलेली. कडक इस्त्रीचे शर्ट. टेगन त्यांना प्रोग्राम दाखवत होती.

"दार उघडायला किती वेळ लागतो?" त्यातल्या एकानं विचारलं.

"एक सेकंद," टेगन म्हणाली. "क्लाइव्ह, सतरा नंबर उघडायचाच आहे ना? दाखवा ना यांना."

क्लाइव्हचा हात फोनवर होता. चार शहरी माणसं घड्याळ बघत उभी, आणि आपण त्यांच्यादेखत विचारायचं, टोपी कुठेय? त्याला लाज वाटली. एवढंच झालं. एवढ्या वर्षांत शेकडो वेळा 'डोक्यावर' हेच उत्तर आलेलं. आजही तेच येणार, असं मनाशी म्हणून त्यानं फोनवरचा हात काढला आणि हुकूम धाडला. सतरा नंबर, साठ टक्के. उत्तर आलं : सतरा नंबर, साठ टक्के. चौघांनी माना डोलावल्या. एकानं तर टाळी वाजवली.

ती माणसं निघून गेल्यावर, नऊच्या पुढे, त्यानं मर्वला फोन करायचं म्हटलं, तेवढ्यात रस्त्यावरच्या एका मळेवाल्याचाच फोन आला. सतराच्या चाकावर टोपी आहे आणि पाणी जोरात चाललंय, असं तो ओरडत होता. क्लाइव्हनं दार बंद करायचा हुकूम धाडला, तोही पेटीनं तसाच परत ऐकवला. खुर्चीतून त्याला टेगननं उठवलं.

चौकशी झाली. चौकशीवाल्या बाईनं कागद उलटेपालटे केले, पेटीची नोंद पाहिली आणि विचारलं, "कळ 'जागेवर'कडे होती?"

"नव्हती."

"पाठवण्याआधी तुम्ही करायला हवं असं काही नियमात होतं?"

"नियमात नव्हतं," क्लाइव्ह म्हणाला. खरंच तर होतं ते! पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, पण बाईनं पान उलटलं आणि तो गप्प बसला. अहवालात आलं, कामगाराची हयगय. मर्वची हयगय! नवखेपणीची ती एक चूक सोडली तर जन्मात एकदाही चाक टोपीवाचून न सोडलेल्या माणसाची. त्या अहवालानंतर क्लाइव्हला झोप लागेना आणि अन्न गोड लागेना. टेगननं प्रोग्राम बदलून त्यात काय काय नवं घातलं, ते त्यानं बघितलंही नाही. राजीनामा देऊन टाकला.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तो डल्सीच्या दारात जाऊन उभा राहिला. बेल वाजवायला हात उठेना.

"किती वेळ उभा राहणार आहेस?" जाळीच्या दारामागून डल्सी म्हणाली. "आत ये. माश्या येतायत."

तिनं चहा ठेवला. त्यानं कपाला हात लावला नाही. मान खाली घालून सगळं सांगितलं. फोनवरचा हात, ती चार माणसं, ती लाज. "मी विचारलंच नाही डल्सी. एकदा विचारलं असतं तर आज मर्व इथं बसला असता." आणि म्हातारा ढसाढसा रडला.

डल्सी उठली. फ्रिजवरून तिनं मर्वची टोपी काढली आणि टेबलावर उलटी ठेवली. आत मर्वचा फोन होता.

"पोलिसांनी दिली तेव्हा असाच होता, टोपीत. ते म्हणाले, भिजू नये म्हणून ठेवला असेल." ती खाली बसली. "भिजायची कसली भीती त्याला! आवाज पूर्ण मोठा करून ठेवला होता त्यानं. तुझा फोन खाली ऐकू यावा म्हणून."

तिनं फोन हातात घेतला.

"मी त्याच रात्री उघडून बघितला. तुझा फोन आलेलाच नव्हता."

"तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"तू सांगायची गोष्ट मी कशाला सांगू? वाट बघत होते. बेकरीपुढून गाडी पळवत होतास, ते काय मला दिसत नव्हतं?"

"डल्सी, मला..."

"माफ कर म्हणू नकोस. आज तरी ते जमणार नाही मला. चौकशीवाल्यांना हे सगळं सांगशील?"

"उद्याच जातो."

"जा. मर्वनं हयगय केली असं लिहिलंय त्यांनी." तिनं टोपी उचलली. "हा फोन मी रोज चार्ज करते. खुळी म्हण हवं तर. तेवढं एक काम कर माझं."

ती टोपी घेऊन परसात गेली. कपडे वाळत घालायच्या खांबावर टोपी अडकवली, फोन आत ठेवला आणि पावलं मोजत कुंपणाकडे चालू लागली. चाकापासून जाळीपर्यंत बारा पावलं होतात. तिनं कालव्यावर जाऊन मोजली होती. बाराव्या पावलाला ती थांबली. त्याच्याकडे पाठ केली आणि जणू पाण्यातलं शेवाळ काढायचंय अशी खाली वाकली.

"लाव," ती म्हणाली.

क्लाइव्हनं मर्वचा नंबर लावला. टोपीतला फोन खणखणीत वाजला. शेजारच्या अंगणातला कुत्रा भुंकायला लागला. फोन वाजत राहिला, आणि डल्सी तशीच वाकलेली, वाजून थांबेपर्यंत.

मग ती सरळ झाली.

"ऐकू आला असता," ती म्हणाली.