बिरदेवचं चित्रांचं पॅनेल

बिरदेवच्या बोटांवर कायम शाई असायची. आंघोळ केली तरी नखांच्या कडेची निळी रेघ काही जायची नाही. वडगाव रासाईच्या पारावर नव्या पाहुण्यानं विचारलं, "हा पोरगा करतो काय?" तर कुणीतरी सांगायचं, "धुण्याच्या मशीनचं तोंड रंगवतो."

ते खोटं नव्हतं. नव्वदच्या दशकात शिक्रापूरला हमरस्त्यालगत हौसराव आप्पांनी स्वतःच्या जमिनीवर एक पत्र्याची शेड टाकली होती. तिथं मोठ्या कंपनीकडून मशीनच्या वरची प्लास्टिकची कोरी पॅनेलं यायची आणि त्यावर छपाई व्हायची. लाकडी चौकटीला ताणलेली बारीक जाळी, तिच्यावर दाट शाई, आणि रबराच्या पट्टीचा एकच सरळ हात. जाळी उचलली की खाली पांढरी अक्षरं, आकडे, गोल कमानी उमटलेल्या. तो हात बिरदेवचा. घरची मेंढरं विकून बापानं शेती धरली आणि पोरानं कारखाना धरला, एवढाच त्या घराचा इतिहास.

बिरदेवला त्या पॅनेलांचा भारी नाद. तेव्हा प्रत्येक मशीनचं तोंड वेगळं असायचं. एकावर जुन्या रेडिओसारखी लाकडी रंगाची पट्टी. एक गर्द निळं, त्यावर पांढरे बुडबुडे. एक राखाडी, त्याच्या बटणांना चांदीसारखी कडी, फिरवली की बोटाला गार लागायची. एखादं पॅनेल छपाईत तिरकं गेलं की आप्पा ते भंगारात टाकायला सांगायचे आणि बिरदेव ते पिशवीत घालून घरी न्यायचा. घरात गोठ्याच्या दारावर, माळवदाच्या खांबावर, पाण्याच्या टाकीवर अशी पॅनेलं ठोकलेली होती.

"म्हशीनं काय बटण दाबून दूध द्यायचं का रं?" त्याची आई कुशाबाई विचारायची.

एका दिवाळीला आप्पांनी त्याला मशीनच दिलं. कंपनीत चाचणीला वापरलेलं, अंगावर दोन ओरखडे असलेलं, पण चालू. कांद्याच्या टेम्पोत गोण्यांच्या मधे बसून ते वडगावला आलं. दोन हौद, एक धुण्याचा, एक पिळण्याचा. वर तीन गोल बटणं. कुशाबाईनं त्याला हळदकुंकू लावलं आणि पोराला म्हणाली, "जा तू कामाला. मी बघते ह्याच्याकडं."

दुपारी तिनं हापशाचं पाणी बादल्यांनी ओतलं, धोतरं टाकली, आणि मधलं बटण फिरवलं. मशीन गप्प. तिनं आणखी पाणी ओतलं. मशीन गप्पच. इतक्यात पलीकडून शेजारच्या विठाबाईची हाक आली.

"कुशा! माझ्या अंगणात भीमा सोडलीस व्हय गं?"

विठाबाईनं अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. त्या आता तरंगत ओट्याखालच्या कोंबडीपर्यंत पोचल्या होत्या आणि कोंबडी ओरडत छपरावर चढली होती. मधलं बटण पाणी सोडायचं होतं. कुशाबाई एका बाजूनं ओतत होती, मशीन दुसऱ्या बाजूनं सोडत होतं.

संध्याकाळी बिरदेव आला तर मशीनवर गोणपाट टाकलेलं.

"आये, काय झालं?"

"त्याला तीन कान हायेत. कुठला पिळला की काय करतंय, मला काय ठावं? वर समदं इंग्रजी. तूच छापतोस ना ती अक्षरं? मग आईला कळंल असं कायतरी छाप की!"

बिरदेव हसला, पण रात्रभर ते वाक्य त्याच्या डोक्यातून गेलं नाही. इतकी वर्षं तो ती अक्षरं छापत होता. ती कुणी वाचायची, हा विचार त्याच्या मनाला कधी शिवलाच नव्हता.

सकाळी त्यानं आप्पांना विचारलं, "रविवारी टेबल वापरू का? आईच्या मशीनसाठी वेगळं पॅनेल छापायचंय. चित्रांचं."

"आईसाठी ना? मग शाई पण घे," आप्पा म्हणाले. "आन् ती निळी घेऊ नको, पिवळी घे. म्हातारीला उन्हात दिसली पाहिजे."

पहिलं पॅनेल फसलं. जाड कपड्यांसाठी घोंगडी दाखवायची म्हणून त्यानं मेंढरू काढलं. कुशाबाईनं ते बराच वेळ न्याहाळलं.

"म्हंजी कोकरू आत टाकायचं?"

मग माय-लेक ओट्यावर बसले आणि कुशाबाईनं एकेक ठरवून दिलं. मऊ कपड्याला लुगडं, पदरासकट. जाड कपड्याला गोधडी, टाके दिसले पाहिजेत. पाणी सोडायला पन्हाळ, कारण पन्हाळीतून पाणी पडतं हे पोराबाळांनाही माहीत. आणि पिळायच्या हौदाला भिंगरी. आकड्यांच्या जागी टिकल्या. एक टिकली म्हणजे थोडंसं, चार टिकल्या म्हणजे भरपूर.

दुसरं पॅनेल बसवलं त्या दिवशी कुशाबाईनं कुणाला न विचारता धोतरं धुतली, पिळली आणि वाळत टाकली. मग विठाबाईला हाताला धरून आणलं. "ये, तुझ्या शेंगांची भरपाई. आण तुझ्या गोधड्या."

त्या वर्षापासून नवरात्राच्या आधी, घरोघरचं अंथरूण-पांघरूण धुवायचे दिवस आले की आळीतल्या बायका कुशाबाईच्या अंगणात जमायच्या. लाइट मधेच जायची. पण धुण्याच्या बटणाच्या आत चावीचं घड्याळ होतं, ते लाइटीविना टिकटिक करत शून्यावर यायचंच. बायका त्याला हसायच्या. "मालक घरात न्हाई तरी गडी काम केल्यासारखं करतोय बघा!" मग गोधडीची दोन टोकं दोघी धरायच्या आणि हातानंच पीळ घालायच्या.

ही बातमी पाटसला पोचली ती बिरदेवच्या कोंडिबामामामुळं. मामा तिथं साखर कारखान्यात कामाला होता. त्याच्या शेजारी ज्ञानदेव फिटर राहायचे. त्यांनी हौसेनं तसलंच मशीन घेतलं होतं आणि त्यांच्या बायकोनं, सारजाबाईनं, त्याला हात लावायचं नाकारलं होतं. मामानं निरोप धाडला, "तुझं ते चित्राचं पॅनेल घेऊन ये."

गळिताचा हंगाम होता. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग, हवेत मळीचा वास. बिरदेव एसटीतून उतरला, तसंच छापलेलं दुसरं पॅनेल कापडात गुंडाळून काखेत धरलेलं. ज्ञानदेवांच्या ओसरीवर त्यानं ते बसवलं आणि सारजाबाईला समजावून सांगू लागला. लुगडं झालं, गोधडी झाली, पन्हाळ झाली. "आन् ही भिंगरी."

मागून कुणीतरी फिसकन हसलं. ज्ञानदेवांची मुलगी प्रगती दारात उभी होती.

"ही भिंगरी हाय? मला वाटलं भरताचं वांगं."

"प्रगते!" सारजाबाई ओरडली. "पाव्हणं हायेत ते!"

"मग पाव्हण्यांना चांगली भिंगरी दाखवते की," असं म्हणून प्रगतीनं रांगोळीचा डबा आणला, ओसरीच्या फरशीवर चिमटीतून चार वळणं सोडली, आणि समोर भिंगरी गरगरायला लागली. म्हणजे बिरदेवला तरी ती गरगरताना दिसली. तो उकिडवा बसून तिच्याकडे बघत राहिला. भिंगरीकडे बघत होता असं तो पुढं सगळ्यांना सांगायचा.

"ही मी उतरवून घेऊ का?" त्यानं विचारलं.

"घ्या. पण माझं नाव बारीक अक्षरात खाली टाका."

पुढच्या रविवारी तो नवी भिंगरी छापून पाटसला गेला. त्यापुढच्या रविवारी रंग नीट सुकलाय का ते बघायला गेला. मग बटण घट्ट बसलंय का ते बघायला. ज्ञानदेव कारखान्यातल्या यंत्रांशी बोलून बोलून मोजकं बोलणारे झाले होते. चहाची कपबशी पुढं सरकवत ते म्हणाले, "बिरदेव, आमचं मशीन एवढं काय बिघडत न्हाई. आईला घेऊन या एकदा."

कुशाबाई आली. तिनं मुलीला काही विचारलं नाही. मशीनजवळ गेली, पॅनेलवर बोट फिरवलं आणि खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते विचारलं.

"माझं नाव हाय, आत्या," प्रगती म्हणाली.

"आन् माझ्या पोरानं छापलंय?"

"व्हय."

"मग आता लग्नपत्रिकेवर छापू."

सगळे हसले, आणि प्रगती लाजण्याऐवजी म्हणाली, "पत्रिकेची चित्रं मी काढणार."

तिनंच काढली. हौसराव आप्पांच्या शेडमध्ये ती पत्रिका पॅनेलाच्या टेबलावर छापली गेली, पिवळ्या शाईत.

दोन हजार सालानंतर मशीनची तोंडं बदलू लागली. फिरवायची बटणं गेली, दाबायची आली. काचेमागे लाल आकडे पेटू लागले. सगळी पॅनेलं एकसारखी, गुळगुळीत, आणि ती कंपनीत छापून तयारच यायची. छपाईचं काम आटलं. आप्पांनी शेडमध्ये पॅकिंगचं काम घेतलं आणि बिरदेवला बोलावून म्हणाले, "ते टेबल, जाळ्या तू घेऊन जा. मला ती नुसती अडचण. तुझ्याकडं गेली तर चालतील."

बिरदेवला वाईट वाटलं, पण ते फार टिकलं नाही, कारण प्रगतीनं त्याच आठवड्यात शिक्रापूरच्या चौकाजवळ गाळा बघून ठेवला होता. पाट्या, वास्तुशांतीची निमंत्रणं, गणेश मंडळांचे टी-शर्ट, सगळं दोघं मिळून छापायला लागले. गाळ्याच्या भिंतीवर बिरदेवनं जपलेली जुनी पॅनेलं ओळीनं लावली, बटणांसकट. लाकडी पट्टीचं, बुडबुड्यांचं, चांदीच्या कडीचं. काम द्यायला आलेली माणसं बोलता बोलता उठून बटण फिरवायची. एक ट्रक ड्रायव्हर तर डिझेल भरायला थांबला की आत यायचा, एक बटण टोकापर्यंत पिळायचा, ते टिकटिक करत परत येईपर्यंत डोळे मिटून उभा राहायचा आणि "बस, घर याद आ गया" म्हणून निघून जायचा.

एका दिवाळीच्या तोंडावर सत्यजीत आणि सायली नावाचं जोडपं आलं. दोघंही कारखान्यात कामाला, चौकामागे भाड्याच्या खोलीत राहणारी. कुणाकडून तरी जुनं मशीन घेतलं होतं, पण वरची अक्षरं पुसून गेलेली.

"इंग्रजी पाहिजे का मराठी?" बिरदेवनं विचारलं.

सायलीनं भिंतीवर लावलेली कुशाबाईच्या पॅनेलची नक्कल पाहिली. "असं चित्रांचं द्या. पण पिळायला भिंगरी नको. आकाशपाळणा काढा."

"आकाशपाळणा?"

"आमची ओळख जत्रंत झाली," सत्यजीत म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

प्रगतीनं लगेच पेन्सिल घेतली. पाळण्यात माणसं दाखवायची की नाही यावर तिची आणि बिरदेवची जुंपली. बिरदेव म्हणाला, एवढं बारीक छापत नाही. प्रगती म्हणाली, तुमचा हात थरथरतोय म्हणून छापत नाही. शेवटी माणसं आली. दोन ठिपके, एकाच पाळण्यात, एकमेकांना चिकटून. पिवळ्यावर लाल.

शाई ओली होती. तासाभरानं या, असं बिरदेवनं सांगितलं, पण सायलीला दम कुठला. सत्यजीतनं मोटरसायकल चालू केली. ती मागे बसली, दोन्ही तळहातांवर पॅनेल आडवं धरून, आरतीचं ताट न्यावं तसं. ट्रकच्या गर्दीतून तो गाडी हळूहळू काढत होता, आणि गाळ्याच्या दारात उभं राहून प्रगती मागून ओरडत होती, "वाऱ्यावर धरू नको गं, पाळणा पुसंल!"